तेरा मीटरांवरचा सामना : महिला सॉफ्टबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात महिला सॉफ्टबॉलच्या ऑलिंपिकमधील पुनरागमनाची एक लहानशी नोंद दिली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सॉफ्टबॉल म्हणजे स्त्रियांना झेपावा म्हणून मैदान लहान आणि चेंडू मऊ करून तयार केलेला बेसबॉलच नव्हे काय? मग त्याला स्वतंत्र खेळ का मानावे?

उत्तर : या प्रश्नातील दोन्ही गृहीतके चुकीची आहेत, आणि त्यांची फार मोठी किंमत या खेळाला मोजावी लागली आहे. ती कशी, हे पुढे एका उत्तरात येईलच. आधी जन्मकथा पाहू. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही पुरुष येल आणि हार्वर्ड यांच्यातील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत जमले होते. निकाल आल्यावर आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला आणि त्याने तो काठीने परतवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी तोच हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, जिमखान्याच्या जमिनीवर मैदान आखले आणि खेळ सुरू झाला. म्हणजे हा खेळ हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून पुरुषांनी पुरुषांसाठी शोधला होता. स्त्रियांना झेपावा हा विचार त्यामागे नव्हता. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव तर १९२६ साली सुचवले गेले. तोपर्यंत त्याला ठिकठिकाणी वेगवेगळी नावे होती.

चेंडू मऊ असतो हा समज केवळ नावामुळे टिकून आहे. आजचा चेंडू बारा इंच, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटीमीटर परिघाचा आणि १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो. बेसबॉलच्या चेंडूपेक्षा तो मोठाही आहे आणि जडही. वेगवान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, समोर असताना सामन्याच्या शेवटी तिचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने ग्लोव्ह काढला, की तिच्या तर्जनीच्या मुळाशी तळवा लालभडक झालेला दिसतो. अनेक वर्षे सामन्यांची गुणपत्रके लिहिताना मी हे इतक्या वेळा जवळून पाहिले आहे की, ‘मऊ चेंडू’ हा शब्द ऐकला की मला ते तळवेच आठवतात.

आता मैदानाविषयी. दोन बेसमधील, म्हणजे धावताना स्पर्श करायच्या ठाण्यांमधील, अंतर बेसबॉलमध्ये २७.४३ मीटर असते, सॉफ्टबॉलमध्ये १८.२९ मीटर. महिलांच्या सामन्यात पिचर उभी राहते त्या पिचिंग प्लेटपासून फलंदाज उभी असते त्या होम प्लेटपर्यंत केवळ १३.११ मीटर अंतर असते. अंतर घटले म्हणजे खेळ सोपा झाला असे वाटते खरे, परंतु येथे अंतराबरोबर वेळही घटतो. चेंडू टोलवून पळणारी चपळ डावखुरी फलंदाज पावणेतीन सेकंदांच्या आसपास पहिल्या बेसवर पोहोचते. तेवढ्या अवधीत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपने पुढे धावत येऊन चेंडू उचलायचा, तो ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि पहिल्या बेसकडे फेकायचा असतो. फेकण्यापूर्वी चेंडू ग्लोव्हमध्ये एकदा थोपटून घेण्याची सवय बऱ्याच मुलींना असते, आणि राष्ट्रीय संघाच्या शिबिरात प्रशिक्षक सर्वांत आधी तीच सवय मोडतात, कारण त्या एका थोपटण्यात धावपटू सुरक्षित पोहोचलेली असते. शिवाय बेसवरच्या धावपटूला पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे बेस चोरण्याचे, म्हणजे टोल्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठण्याचे, गणितही येथे वेगळे आहे. ज्या खेळात वेळेचे माप बदलते, त्यातील कौशल्यांचे मापही बदलते. म्हणून मी त्याला स्वतंत्र खेळ मानतो.

प्रश्न : हात खालून फिरवून टाकलेल्या चेंडूला एवढे काय घाबरायचे? क्रिकेटमध्ये तर अंडरआर्म चेंडू कमीपणाचा मानला जातो.

उत्तर : अंडरआर्म हा शब्द दोन्ही खेळांत एकच असला, तरी कृती एक नाही. सॉफ्टबॉलची पिचर प्लेटवरून पायाने जोरदार रेटा देते, हात खांद्यातून पूर्ण वर्तुळाकार फिरवते, कंबरेजवळ येताच हाताचा खालचा भाग क्षणभर अंगाला घासून अडतो आणि मागून आलेला सगळा वेग मनगटाच्या झटक्यातून चेंडूत उतरतो. अव्वल दर्जाच्या महिला पिचर ताशी १०५ ते ११० किलोमीटरच्या घरात सातत्याने चेंडू टाकतात. जपानच्या युकिको उएनो यांचा सर्वांत वेगवान चेंडू ताशी १२० किलोमीटरच्या आसपासचा होता, तर अमेरिकेच्या मोनिका अबॉट यांनी २०१२ साली ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटर वेगाची नोंद केली. ताशी ११० किलोमीटर वेगाचा चेंडू १३.११ मीटर अंतर सुमारे ०.४३ सेकंदात कापतो. बेसबॉलच्या १८.४४ मीटरांवरून फलंदाजाला तेवढाच अवधी द्यायचा असेल, तर पिचरला ताशी १५५ किलोमीटर वेगाने चेंडू टाकावा लागेल. प्रत्यक्षात चेंडू सुटतो तेव्हा पिचर प्लेटच्या बरीच पुढे आलेली असते, त्यामुळे फलंदाजाला मिळणारा वेळ याहूनही कमी असतो.

वेगापेक्षा मोठी अडचण दिशेची आहे. ‘राइज बॉल’ टाकताना पिचर बोटांची पकड शिवणीवर घट्ट ठेवते आणि दाराची मूठ फिरवावी तसे मनगट फिरवून चेंडूला उलटी फिरकी देते. चेंडू कंबरेखालून सुटून वर चढत येतो आणि फिरकीमुळे तो अपेक्षेइतका खाली पडत नाही. फलंदाजाची नजर तो जेथे असेल असा अंदाज बांधते, त्याच्या वरून तो निघून जातो आणि बॅट त्याच्या खालून फिरते. ‘ड्रॉप बॉल’ नेमका उलटा, प्लेटजवळ येऊन खाली बुडणारा. त्यात ‘चेंजअप’ची भर पडली, की हाताचा वेग तोच दिसतो, पण चेंडू ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने मंद येतो. फलंदाज जेथे उभी असते तेथून या तिन्हींमधला फरक ओळखायला तिला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच अवधी मिळतो.

याची परीक्षा बेसबॉलच्या दिग्गजांनीही दिलेली आहे. साठच्या दशकाच्या आरंभी टेड विल्यम्स यांच्यासारखा थोर फलंदाज एका प्रदर्शनीय लढतीत सॉफ्टबॉलच्या पिचर जोन जॉइस यांच्यासमोर उभा राहिला, आणि बऱ्याच चेंडूंनंतर जवळजवळ काहीही हाती न लागता बाजूला झाला. २००४ साली अमेरिकेच्या सॉफ्टबॉल पिचर जेनी फिंच यांनी अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या तिघा बेसबॉलपटूंना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू टोलवू न देता बाद केले. या फलंदाजांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांची नजर खांद्यावरून सुटणाऱ्या चेंडूवर वर्षानुवर्षे घडलेली होती, आणि येथे चेंडू येत होता कंबरेखालून.

प्रश्न : सॉफ्टबॉलच्या बातम्यांत ‘४-१ होमरनने विजय’ असे छापून येते. म्हणजे त्या संघाने चार होमरन मारले असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नये. धावपटूने क्रमाने सर्व बेसना स्पर्श करून होम प्लेट गाठली की एक धाव होते. फलंदाजाने स्वतःच्या एकाच टोल्यावर चारही टप्पे पूर्ण केले, तरच तो होमरन असतो, आणि तो बहुधा चेंडू कुंपणापार गेल्यावर होतो. आपल्या वृत्तपत्रांनी प्रत्येक धावेला ‘होमरन’ म्हणण्याची प्रथा पाडली आहे. तिच्यामुळे वाचकाची दिशाभूल होते, म्हणून ती सोडून दिलेली बरी.

‘होम प्लेट गाठणे’ हे शब्द किती काटेकोरपणे घेतले जातात, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९६ च्या ऑलिंपिकमधील अमेरिका-ऑस्ट्रेलिया सामन्याचे आहे. पाचव्या डावात अमेरिकेच्या डॅनी टायलर यांनी चेंडू कुंपणाबाहेर मारला. सर्व बेस पूर्ण करून त्या होम प्लेटपाशी आल्या तेव्हा सहकारी खेळाडूंचा अभिनंदनासाठी गराडा पडला आणि त्या गडबडीत त्यांचा पाय प्लेटला लागायचा राहून गेला. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी दाद मागितली, अंपायरनी टायलर यांना बाद ठरवले आणि फलकावरची धाव पुसली गेली. सात डावांअखेर, म्हणजे सामन्याचे नेहमीचे डाव संपले तेव्हा, धावफलक ०-० असाच राहिला. पायाखालच्या चार बोटे जागेने तो सामना लांबला.

प्रश्न : बरोबरी झाल्यावर जादा डावात कोणत्याही टोल्याविना दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभी केली जाते. हा फुकटचा लाभ नाही काय?

उत्तर : लाभ दोन्ही संघांना सारखाच मिळतो, म्हणून त्याला अन्याय म्हणता येणार नाही. मात्र त्यामुळे खेळाचा पोत बदलतो, ही आपली तक्रार रास्त आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आठव्या डावापासून प्रत्येक संघ दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच फलंदाजीला सुरुवात करतो. तुल्यबळ पिचर समोरासमोर आल्या तर सामना बारा-चौदा डाव चालतो, मागचे सामने खोळंबतात आणि पिचरचे खांदे पिंजून निघतात. त्यावर काढलेला हा तोडगा आहे.

वर सांगितलेल्या अमेरिका-ऑस्ट्रेलिया सामन्याचा शेवटही असाच झाला. दहाव्या डावात, दुसऱ्या बेसवर अशीच धावपटू ठेवलेली असताना, अमेरिकेने एक धाव केली. अमेरिकेच्या लिसा फर्नांडेझ यांनी तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या एकाही फलंदाजाला स्वतःच्या बळावर बेसवर पोहोचू दिले नव्हते. दोन खेळाडू बाद, समोर जोआन ब्राऊन, त्यांच्यावर दोन स्ट्राइक, म्हणजे तिसरी पडताच त्या बाद. पुढचा चेंडू ब्राऊन यांनी कुंपणापार धाडला. ठेवलेली धावपटू आणि त्या स्वतः अशा दोन धावा झाल्या आणि निर्दोष सामन्यापासून एका स्ट्राइकवर असलेल्या फर्नांडेझ १-२ अशा हरल्या. साखळी सामन्यांत मला हा नियम मान्य आहे. अंतिम सामन्यात मात्र तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जगज्जेतेपद ठरवणारी धाव कोणीतरी धावून मिळवलेल्या बेसवरून यायला हवी.

प्रश्न : टोकियोच्या अंतिम सामन्यात जपानच्या पिचरला बाहेर काढून पुन्हा आत घेतले. बदललेली खेळाडू परत कशी येऊ शकते?

उत्तर : सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातील खेळाडूला एकदा बाहेर जाऊन एकदा परत येण्याची मुभा असते. परत येताना तिला फलंदाजीच्या क्रमातील आपल्याच मूळ जागी यावे लागते. २७ जुलै २०२१ रोजी योकोहामा येथे झालेल्या त्या सामन्यात जपानने या नियमाचा फार शांत डोक्याने उपयोग केला. एकोणचाळीस वर्षांच्या उएनो यांनी सुरुवात केली, सहाव्या डावात वीस वर्षांच्या मिउ गोतो आल्या, आणि सातव्या डावातील अखेरच्या तीन खेळाडूंसाठी उएनो पुन्हा प्लेटवर उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या फलंदाजांना उएनो यांचा चेंडू ओळखीचा होऊ लागला होता. मध्येच डावखुऱ्या गोतो आल्या आणि ती ओळख मोडली.

गोतो यांच्या डावातच त्या स्पर्धेतील सर्वांत विलक्षण क्षण आला. अमेरिकेच्या धावपटू बेसवर होत्या आणि एकच खेळाडू बाद होती. अमांडा चिडेस्टर यांचा सणसणीत सरळ टोला तिसऱ्या बेसवरील यु यामामोतो यांच्या मनगटावर आदळून उडाला. तो जमिनीवर पडण्यापूर्वीच शॉर्टस्टॉप माना अत्सुमी यांनी बाजूला झेपावत झेलला आणि क्षणात दुसऱ्या बेसकडे फेकून, पुढे निघालेल्या धावपटूलाही बाद केले. नशीब तर होतेच. पण चेंडू दुसऱ्याच्या अंगावर आदळत असताना अत्सुमी यांची पावले आधीच त्या दिशेला पडू लागली होती, आणि ते केवळ नशिबाने होत नाही. जपानने तो सामना २-० असा जिंकला.

याच प्रश्नासोबत एका वाचकाने फलंदाजीच्या यादीत नऊऐवजी दहा नावे का दिसतात, असे विचारले आहे. एखादी खेळाडू, बहुधा पिचर, फक्त क्षेत्ररक्षण करणार असेल, तर तिच्याऐवजी फलंदाजी करणारी दहावी खेळाडू नेमता येते. यादीत त्यांच्यासमोर अनुक्रमे ‘फ्लेक्स’ आणि ‘डीपी’ असे लिहिलेले असते.

प्रश्न : उएनो यांनी दोन दिवसांत चारशेहून अधिक चेंडू टाकले होते, असे ऐकले आहे. हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास ते योग्य होते काय?

उत्तर : खरे आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये उएनो यांनी अमेरिकेविरुद्ध नऊ डाव टाकले आणि जपान हरला. बाद फेरीच्या त्या वेळच्या रचनेत त्या पराभूत संघाला आणखी एक संधी होती, म्हणून त्याच दिवशी त्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा डाव उभ्या राहिल्या आणि जपान जिंकला. त्या एका दिवसात ३१८ चेंडू झाले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध आणखी ९५. एकूण ४१३ चेंडू टाकून त्यांनी जपानला ३-१ असे सुवर्णपदक मिळवून दिले आणि ऑलिंपिकमधील अमेरिकेची सलग २२ विजयांची मालिका खंडित केली.

उएनो यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, तरीही योग्य होते का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. अंडरआर्म फेक ही शरीराला नैसर्गिक आहे, म्हणून कितीही टाकली तरी चालते, ही समजूत या खेळात पिढ्यानपिढ्या चालत आली. प्रत्यक्षात हात खाली येताना खांद्याच्या सांध्यावर पडणारी ओढ हात वरून फिरवून केलेल्या फेकीच्या तोडीची असते, आणि खांद्यासमोरच्या स्नायूबंधाला ती सर्वाधिक जाणवते. सव्वीस वर्षांच्या, पूर्ण तयारीच्या खेळाडूने देशाच्या सुवर्णपदकासाठी स्वतः घेतलेला निर्णय एक वेळ समजून घेता येतो. पण त्या कथेचा दाखला देऊन चौदा वर्षांच्या मुलीकडून एका दिवसात तीन सामने टाकून घेणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्या वेळी मला फार राग आला आहे. प्रत्येक संघाने निदान तीन पिचर तयार कराव्यात आणि चेंडूंची मोजणी लेखी ठेवावी. त्याला फारसा खर्च येत नाही.

प्रश्न : एवढा चांगला खेळ ऑलिंपिकमधून का काढला? अमेरिका सतत जिंकत होती म्हणून काढला, असे म्हणतात.

उत्तर : महिला सॉफ्टबॉल १९९६, २०००, २००४ आणि २००८ अशा चार ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. ८ जुलै २००५ रोजी सिंगापूर येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात प्रत्येक खेळावर स्वतंत्र गुप्त मतदान झाले. टिकण्यासाठी बहुमत हवे होते. सॉफ्टबॉलला ५२ मते बाजूने, ५२ विरुद्ध आणि एक सदस्य तटस्थ, अशी स्थिती झाली. बरोबरी म्हणजे बहुमत नव्हे, म्हणून २०१२ पासून हा खेळ बाहेर गेला. बेसबॉलही त्याच दिवशी गेला. १९३६ नंतर ऑलिंपिकमधून खेळ वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. एका मताने हजारो मुलींची दिशा बदलली, हे आजही माझ्या मनाला लागते.

अमेरिकेच्या वर्चस्वाचे कारण पुढे केले गेले, ते मुख्यतः अथेन्सच्या २००४ मधील निकालांवरून. त्या स्पर्धेत अमेरिकेने नऊ सामन्यांत ५१ धावा केल्या आणि केवळ एक दिली. पण त्याआधीच्याच, सिडनीच्या स्पर्धेत हाच अमेरिकी संघ जपान, चीन आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला होता आणि अंतिम सामना त्याने आठव्या डावात २-१ असा कसाबसा जिंकला होता. मतदानानंतरच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये तर जपानने अमेरिकेला हरवले. एका संघाच्या एका बहारदार स्पर्धेवरून खेळाचे भवितव्य ठरवणे हा न्याय नव्हता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बेसबॉलविषयी समितीची नाराजी वेगळी होती. अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू ऑलिंपिकला येत नव्हते आणि तेथील उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांची चर्चा चालू होती. सॉफ्टबॉलचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. परंतु पहिल्या प्रश्नात आलेली ‘स्त्रियांचा बेसबॉल’ ही समजूत मतदारांपैकी अनेकांच्या मनात होती, आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले. पुढे परतीच्या वाटेवर या खेळाला त्याच बेसबॉलचा हात धरावा लागला. २०१३ साली दोन्ही खेळांच्या जागतिक संघटना एक झाल्या. त्याच वर्षी त्यांचा संयुक्त प्रस्ताव कुस्तीपुढे हरला, आणि शेवटी यजमान जपानच्या आग्रहामुळे २०२० च्या स्पर्धेत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये, सॉफ्टबॉल परतला. पॅरिसला पुन्हा वगळला गेला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी तो पुन्हा मंजूर झाला. त्याचे सामने लॉस एंजेलिसमध्ये होणार नसून, या खेळाचे मोठे स्टेडियम असलेल्या ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत.

बीजिंग आणि टोकियो यांच्यामध्ये तेरा वर्षे गेली. अमेरिकेच्या कॅट ऑस्टरमन आणि मोनिका अबॉट या दोघी बीजिंगमध्ये रौप्यपदक घेऊन गेल्या आणि टोकियोत अनुक्रमे ३८ आणि ३५ वर्षांच्या होऊन परतल्या. पिचरला हे जमू शकते. पण २००८ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या असलेल्या कितीतरी शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्डर या काळात आल्या, बहराला पोहोचल्या आणि निवृत्तही झाल्या. त्यांच्या नावापुढे ऑलिंपिक हा शब्द कधी लागलाच नाही. शिवाय अनेक देशांत शासकीय अनुदान ऑलिंपिक खेळालाच मिळते, त्यामुळे तेथील राष्ट्रीय संघांचे सराव आणि दौरे आटले. एकदा आत, एकदा बाहेर असा हा प्रकार खेळाडू घडवण्याच्या दृष्टीने अत्यंत हानिकारक आहे.

प्रश्न : ऑलिंपिक नसेल तेव्हा या खेळाडूंनी कशासाठी खेळायचे? जागतिक स्पर्धा आहे काय?

उत्तर : आहे, आणि ती ऑलिंपिकमधील प्रवेशापेक्षा एकतीस वर्षांनी जुनी आहे. पहिली महिला जागतिक स्पर्धा १९६५ साली मेलबर्नला झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला १-० असे नमवले. १९७० मध्ये ओसाका येथे जपान, १९८२ मध्ये तैपेई येथे न्यूझीलंड जिंकले. १९८६ ते २०१० या काळात सातही विजेतेपदे अमेरिकेकडे गेली. त्यानंतर २०१२ आणि २०१४ मध्ये जपान, २०१६ आणि २०१८ मध्ये अमेरिका, आणि २०२४ मध्ये इटलीत झालेल्या स्पर्धेत पुन्हा जपान, ६-१ अशा स्पष्ट फरकाने. २०१८ चा चिबा येथील अंतिम सामना ज्यांना पाहायला मिळेल त्यांनी जरूर पाहावा. दहा डाव चाललेला तो सामना अमेरिकेने ७-६ असा जिंकला.

प्रश्न : मी सोळा वर्षांची असून शाळेच्या संघात दुसऱ्या बेसवर खेळते. राष्ट्रीय आणि त्यापुढच्या पातळीवर जायचे तर काय करावे? बाहेरच्या देशांत खेळाडू कशा घडतात?

उत्तर : तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. या खेळातील दोन बलाढ्य देशांनी दोन वेगळ्या वाटा निवडल्या आहेत. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींनाही समान संधी देणे बंधनकारक झाले आणि महाविद्यालयीन सॉफ्टबॉलने बाळसे धरले. १९८२ पासून तेथील विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. ओक्लाहोमा विद्यापीठाने २०२१ पासून सलग चार वर्षे ती जिंकली. तेथे मुलगी शिष्यवृत्तीवर शिकते, चार वर्षांत शेकडो सामने खेळते, आणि राष्ट्रीय संघ त्यांतून निवडला जातो. उणीव अशी की पदवीनंतर वाट एकदम अरुंद होते. व्यावसायिक लीग अनेकदा सुरू झाल्या आणि बंद पडल्या. आता २०२५ पासून नवी लीग उभी राहिली आहे, ती टिकावी अशी मनापासून इच्छा आहे. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांचे संघ असतात आणि खेळाडू त्या कंपनीच्या कर्मचारी म्हणून पगार घेतात. २०२२ पासून सोळा संघांची ‘जेडी लीग’ चालते. उएनो तिशी ओलांडूनही तितक्याच तीक्ष्ण राहिल्या, याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला आहे. मला व्यक्तिशः जपानची वाट अधिक निकोप वाटते, कारण तीत खेळाडूला बावीसाव्या वर्षी खेळ की पोट, असा प्रश्न विचारला जात नाही.

आता तुझ्याविषयी. निवड समिती फलंदाजीची आकडेवारी पाहते, पण शिबिरात तिचे लक्ष अन्य गोष्टींकडे असते. बंट, म्हणजे बॅट आडवी धरून हळूच ढकललेला चेंडू, पडल्यावर दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने पहिल्या बेसकडे धावायचे असते, कारण पहिल्या बेसवरची खेळाडू चेंडू उचलायला पुढे गेलेली असते. ही धाव तू चेंडू पडल्यावर सुरू करतेस की फलंदाजाने बॅट आडवी धरताच, एवढ्यावरून तुझी समज ओळखली जाते. तू डावखुरी असशील, किंवा डाव्या हाताने खेळायला शिकू शकत असशील, तर ‘स्लॅप’ शिकून घे. चेंडू येत असतानाच पावले पुढे टाकत तो जमिनीवर ढकलणारी फलंदाज प्रत्येक राष्ट्रीय संघाला हवी असते. दुसऱ्या बेसबरोबर शॉर्टस्टॉपचाही सराव ठेव, कारण ऑलिंपिकला फक्त पंधरा खेळाडू नेता येतात आणि दोन जागा सांभाळणारी खेळाडू यादीत वर सरकते. निवड झाली नाही, तर समितीतील कोणाला तरी नम्रपणे कारण विचार. बहुतेक मुली विचारत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तीच चूक घेऊन पुन्हा येतात.

प्रश्न : पहिला बेस अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी का असतो?

उत्तर : टक्कर टाळण्यासाठी. पांढरा भाग मैदानाच्या आत असतो आणि तो क्षेत्ररक्षकाचा. नारिंगी भाग रेषेबाहेर असतो आणि तो होम प्लेटकडून धावत येणाऱ्या फलंदाजाचा. अंतर थोडे असल्यामुळे चेंडू आणि धावपटू बहुधा एकाच क्षणी तेथे पोहोचतात. पूर्वी एकाच बेसवर दोघींचे पाय पडत आणि घोटे मुरगळत. फलंदाज पहिल्या बेसपलीकडे वळून दुसऱ्याकडे जाणार असेल आणि तेथे चेंडू येत नसेल, तर तिला पांढऱ्या भागावरही पाय ठेवता येतो. एकदा ती पहिल्या बेसवर स्थिरावली, की त्यानंतर मात्र तिच्यासाठी फक्त पांढरा भागच बेस असतो. नारिंगी भागावर निवांत उभी राहिलेली धावपटू क्षेत्ररक्षकाने चेंडू लावताच बाद होते, आणि नव्या संघांच्या सामन्यांत हे अजूनही अधूनमधून घडते.